कंट्रोलर चालत नाही? आधी निदान, मग उपचार



या वेळचा विषय बघून काहीजण म्हणतील, मॅडम, भागाकार आणि जोडाक्षरं सोडून हे व्हिडिओ गेमचं काय काढलंत? थोडं थांबा. दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेले होते. एका कंट्रोलरवरून तिथे जे चाललं होतं, ते बघून मला आपल्या वर्गाचीच आठवण झाली. आणि खरं सांगायचं तर आता घरोघरी ही यंत्रं आलीत. मुलगा म्हणतो "चालत नाही", आई म्हणते "तूच मोडलास", बाबा दुकानात जातात आणि काही हजार घालवून येतात. एवढं सगळं होण्याआधी दहा मिनिटं डोकं लावलं तर बऱ्याचदा काम घरीच होतं. ते कसं, हे आज बघूया.

आधी काय घडलं ते सांगते.

माझ्या दादाने ओळखीतल्या एकाकडून जुना पीएस-४ घेतला होता. सोबत एकच कंट्रोलर. त्याची बॅटरी दमलेली होती, म्हणून भाचा (सहावीत आहे) कायम वायर लावूनच खेळायचा. पाच-सहा महिने सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस कंट्रोलरने मान टाकली. वायर लावली की पुढची पट्टी नारिंगी रंगात हळूहळू उजळायची आणि मंदावायची. मधलं पीएस बटण दाबलं की थोडा वेळ पांढरी लुकलुकायची आणि विझायची. टीव्हीवर मात्र काहीच नाही.

वहिनीचं मत ठरलेलं होतं, पाडला असणार. दादा म्हणाला, हजारदा सांगितलं नीट वापर म्हणून. एका दुकानदाराने न उघडताच सांगून टाकलं, "बोर्ड गेलाय, नवीनच घ्या." त्यामुळे दिवाळीत नवीन कंट्रोलरही नाही आणि फटाकेही नाहीत, अशी शिक्षा जाहीर झाली होती. पोरगा हिरमुसून बसलेला. मला एकटीला गाठून म्हणाला, "आत्या, मी खरंच नाही पाडला गं."

आता बघा, आपण डी.एड.ला असताना निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन शिकलो. परीक्षेपुरतं पाठही केलं. पण एखादं मूल ४२ वजा १७ बरोबर ३५ असं लिहितं, तेव्हा आपण काय करतो? लाल फुली मारून "वजाबाकी कच्ची आहे" म्हणतो. खरं तर त्या मुलाला वजाबाकी येते. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन, हे त्याने अगदी अचूक केलंय. त्याला हातचा घेणं, म्हणजे दशक मोडणं, माहीत नाही. त्याची चूक कुठे आहे हे त्याच्या उत्तरातच लिहिलेलं असतं. आपण फक्त फुली मारायच्या घाईत असतो.

कंट्रोलरचंही तसंच. "चालत नाही" हे निदान नव्हे, ती नुसती तक्रार आहे. पहिला प्रश्न हवा, यातलं काय चालतंय?

आमच्या कंट्रोलरची पट्टी नारिंगी होत होती. पीएस-४ च्या कंट्रोलरवर नारिंगी मंद उघडझाप म्हणजे चार्जिंग सुरू आहे. म्हणजे कन्सोलच्या पोर्टमधून वीज येते आहे, वायरमधून ती कंट्रोलरपर्यंत पोचते आहे, आणि कंट्रोलर ती घेतोही आहे. पांढरं लुकलुकणं म्हणजे तो कन्सोलला हाका मारतोय, पण ओ मिळत नाहीये. दुकानदाराचा "बोर्ड गेला" इथेच डळमळीत झाला. बोर्ड पूर्ण गेलेला कंट्रोलर हाका कशाला मारेल?

तर वीज पोचते, बोलणं पोचत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात आलं की अर्धं काम झालं. यासाठी यूएसबी वायरच्या पोटात काय असतं ते बघायला हवं.

वायरीच्या पोटात

साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात. लाल तारेतून ५ व्होल्ट येतात. काळी म्हणजे परतीचा रस्ता, ग्राउंड. हिरवी आणि पांढरी या दोन तारा निरोपाच्या, म्हणजे डेटाच्या. हे नेहमीचे रंग झाले. स्वस्तातल्या वायरी बनवणारे रंग बदलतात, त्यामुळे रंगावर आंधळा विश्वास नको. यूएसबीचं नेहमीचं चपटं, रुंद टोक घ्या आणि आत डोकावून बघा. चार सोनेरी पट्ट्या दिसतील. नीट बघितलंत तर कडेच्या दोन पट्ट्या मधल्या दोन पट्ट्यांपेक्षा लांब आहेत. कडेच्या पट्ट्या विजेच्या, मधल्या निरोपाच्या. प्लग आत सरकताना आधी वीज जोडली जावी आणि मगच बोलणं सुरू व्हावं, म्हणून ही लांबी मुद्दाम तशी ठेवली आहे. मुलांना भिंगातून हे दाखवलं तर त्यांना फार मजा वाटते.

(सामान्य ज्ञानासाठी जाता जाता: यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ सालची. ती घडवणाऱ्या इंटेलमधल्या गटाचे प्रमुख अजय भट्ट आपल्या शेजारच्या बडोद्यात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले.)

प्लग लावल्यावर जे होतं ते आपल्या हजेरीसारखं असतं. कन्सोल हा वर्गशिक्षक. कंट्रोलर आत आला की एका डेटा तारेवरचा दाब वर खेचतो, म्हणजे हात वर करतो. कन्सोल त्याला आधी शांत बसवतो, मग विचारतो, तू कोण? कंट्रोलर स्वतःबद्दलची माहिती देतो, त्यात दोन क्रमांक असतात. एक बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा वस्तूचा. आपल्याकडे शाळेचा यू-डायस क्रमांक आणि मुलाचा जनरल रजिस्टर नंबर असतो ना, अगदी तसं. ते पटलं की कन्सोल त्याला एक हजेरी क्रमांक देतो. एका यूएसबी जाळ्यावर असे जास्तीत जास्त १२७ क्रमांक देता येतात. त्यानंतरही साध्या यूएसबीवर कंट्रोलर स्वतःहून काही बोलत नाही. कन्सोल सेकंदात कितीतरी वेळा विचारतो, "काही दाबलंय का?" आणि तो विचारलं तेवढंच सांगतो. असा वर्ग आपल्याला कधी मिळणार कोण जाणे!

विजेचंही असंच. ओळख पटायच्या आधी नियमाने १०० मिलीअँपिअरपेक्षा जास्त घ्यायची नाही, ओळख पटल्यावर साध्या यूएसबी पोर्टमधून ५०० पर्यंत. प्रत्यक्षात सगळी उपकरणं इतकी शिस्तीची नसतात.

आता खरी गोम. टॉर्च, ट्रिमर, गळ्यातले हेडफोन यांच्यासोबत ज्या स्वस्त वायरी येतात, त्यातल्या कितीतरी वायरींत हिरवी-पांढरी तार नसतेच. फक्त लाल आणि काळी. ती चार्जिंगची वायर. बाहेरून दोन्ही वायरी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. अशा वायरीने वीज जाते, हजेरी लागत नाही. मुलगा वर्गात बसलाय, खिचडी खातोय, पण पटावर नाव नाही!

माझा पहिला अंदाज हाच झाला. दादाला म्हटलं, "वायर बघू." मूळ वायर हरवली होती, आणि ही एका टॉर्चसोबत आलेली होती. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायच्या बेतात होते, तोवर दादाने एकच प्रश्न विचारून गप्प केलं.

"अगं पण हीच वायर गेले चार महिने चालत होती की."

बरोबर होतं. वायरीत डेटाची तार आधीही नव्हती. मग चार महिने खेळ कसा चालला?

जे दिसतं ते वायर, जे चालतं ते ब्लूटूथ

इथे मला थोडा वेळ लागला, आणि खरं सांगते, हा भाग मलाच सगळ्यात जास्त आवडला.

पीएस-४ चा कंट्रोलर मुळात बिनतारी आहे. तो ब्लूटूथने बोलतो. एकदा डेटा वायरीने कन्सोलला जोडून पीएस बटण दाबलं की दोघांची जोडी लागते, आणि पुढे वायर नसली तरी ते एकमेकांना ओळखतात. गंमत म्हणजे, नंतर वायर लावून ठेवली तरीसुद्धा बोलणं ब्लूटूथनेच चालतं, कारण मूळ सेटिंग तसं असतं. वायर फक्त बॅटरी भरत राहते. भाचा "वायर लावून" खेळत होता ते खरं, पण वायरीतून खेळ जातच नव्हता. टॉर्चची वायर इतके महिने फक्त जेवण पुरवत होती, बोलणं हवेतून चाललं होतं. म्हणून तिचा दोष कुणाच्या लक्षात आला नाही.

मग प्रश्न उरला, की जोडी तुटली कशी? आपोआप तर तुटत नाही. कंट्रोलर दुसऱ्या पीएस-४ ला वायरीने जोडून पीएस बटण दाबलं की तो नव्या कन्सोलशी जोडला जातो आणि जुन्याला विसरतो. परत आणायचा तर पुन्हा डेटा वायर लागते.

हे सगळं मी मोठ्याने बोलत होते. भाचा बाजूलाच होता आणि एकदम गप्प झाला. वर्गात असा गप्प झालेला चेहरा आपण ओळखतो. मी सगळ्यांसमोर काही विचारलं नाही. रात्री जेवणं झाल्यावर गॅलरीत आकाशकंदील सरळ करायच्या निमित्ताने त्याला बोलावलं आणि म्हटलं, "मला फक्त कंट्रोलर चालू करायचाय. तो शेवटचा चालला त्यानंतर काय काय झालं, तेवढं सांग. बरोबर की चूक, ते मला नकोच आहे."

थोडा वेळ तो कंदिलाच्या झिरमिळ्यांशी खेळत राहिला. मग सांगितलं. आई-बाबा बाहेर गेले होते त्या दुपारी तो कंट्रोलर दप्तरात घालून मित्राच्या घरी घेऊन गेला होता. तिथे दोघं मिळून खेळले. घराबाहेर न्यायचा नाही असं बजावलेलं होतं. परत आल्यापासून कंट्रोलर चालेना. त्याला वाटलं, आपल्यामुळेच काहीतरी मोडलं. न विचारता नेलं हे सांगितलं तर मार, नाही सांगितलं तर "पाडलास" म्हणून बोलणी. त्याने बोलणी निवडली.

म्हणजे ज्या एका माहितीवरून दोष सापडणार होता, ती घरात एकाच माणसाकडे होती, आणि त्याला ती सांगायची भीती वाटत होती. मित्राच्या घरी डेटा वायर होती, तिथे नवी जोडी लागली. घरी टॉर्चची वायर, इथे जुनी जोडी परत लागेना. बिचाऱ्या कंट्रोलरला काहीच झालं नव्हतं.

डेटाची वायर ओळखायची कशी

घरातल्या सगळ्या वायरी गोळा केल्या. प्रत्येक घरात अशा वायरींचा एक डबा असतोच. आमच्याकडे तो शंकरपाळ्यांचा जुना डबा निघाला. त्यातून कंट्रोलरला बसणाऱ्या, म्हणजे मायक्रो यूएसबी टोकाच्या, पाच वायरी मिळाल्या.

तपासणी सोपी आहे. त्याच टोकाचा एखादा जुना अँड्रॉइड फोन घ्या आणि त्या वायरीने लॅपटॉपला जोडा. फोन नुसता चार्ज होत असेल आणि फोनवर "फाइल ट्रान्सफर"चा पर्यायच येत नसेल, तर ती वायर चार्जिंगची. पर्याय आला, आणि तो निवडल्यावर लॅपटॉपमध्ये फोनमधले फोटो दिसायला लागले, की ती डेटाची. मात्र फोनचं कुलूप उघडून ठेवा, नाहीतर चांगली वायरही नापास होईल. पाचातल्या दोन वायरी पास झाल्या. भाच्याने वहीत तक्ता केला: वायरीचा रंग, चार्जिंग होते का, फोटो दिसतात का. मी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानेच केलं.

पास झालेली वायर लावली, पीएस बटण दाबलं. पट्टी निळी झाली. निळी म्हणजे पहिला खेळाडू. (दुसरा लाल, तिसरा हिरवा, चौथा गुलाबी.)

दादा थोडा वेळ पट्टीकडे बघत राहिला. मित्राकडे नेल्याचं भाच्याने तोपर्यंत स्वतःच सांगितलं होतं. मी फक्त शेजारी उभी होते. दादा रागावला नाही, "चुकलं माझं" असंही म्हणाला नाही. तो तसं म्हणणाऱ्यातला नाही. फक्त म्हणाला, "सरक जरा तिकडे, मला पण दाखव कसं खेळतात ते." फटाके दुसऱ्या दिवशी आले.

तुमच्या घरी असं झालं तर

आमच्याकडे निघाला तोच दोष तुमच्याकडे असेल असं नाही. पण शोधायची रीत तीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वायर बदलली, पोर्टही बदललं, रीसेटही केलं आणि मग चाललं, तर कशामुळे चाललं ते कधीच कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पोर्टपासून सुरू करा, ते फुकट आहे. पीएस-४ ला पुढच्या बाजूला दोन यूएसबी पोर्ट आहेत, एकातून काढून दुसऱ्यात लावा. मध्ये हब किंवा लांब जोडवायर असेल तर ती काढून कंट्रोलर थेट लावा. साध्या यूएसबीला वायरीची लांबी ५ मीटरपर्यंतच मानलेली आहे. सोफ्यावर बसून खेळता यावं म्हणून दोन-तीन वायरी एकमेकींना जोडल्या की त्रास सुरू होतो. कंट्रोलरच्या बाजूचं भोक टॉर्चच्या उजेडात बघा. खिशातला कापूस, बिस्किटाचा चुरा काहीही निघतं. कोरड्या लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, सगळं बंद असताना. सुई किंवा पिन घालू नका. वायर लावून प्लग किंचित हलवल्यावर दिवा लागतो-विझतो असं होत असेल, तर प्लग बसतो ती जागा सैल झाली आहे. ते मात्र दुरुस्तीवाल्याचं काम.

मग वायर, ती वर सांगितलीच.

मग रीसेट. पीएस-४ च्या कंट्रोलरच्या मागे, एल-२ बटणाजवळ, एक बारीक भोक असतं. कन्सोल पूर्ण बंद करून त्या भोकातलं बटण सरळ केलेल्या यू-पिनेने तीन ते पाच सेकंद दाबून धरायचं. (पिन चालते ती फक्त याच भोकात!) नंतर डेटा वायरीने जोडून पीएस बटण दाबायचं. यूट्यूब बघून आधी रीसेट करणारे बरेच असतात. पण हातात चार्जिंगची वायर असेल तर रीसेटनंतरही काही होत नाही, आणि मग "रीसेट करूनसुद्धा चालत नाही म्हणजे नक्की गेलाच" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून वायर आधी, रीसेट नंतर.

आणि कंट्रोलरने खरोखर वायरीतूनच बोलावं असं वाटत असेल, तर पीएस-४ मध्ये सेटिंग्ज, त्यात डिव्हायसेस, त्यात कंट्रोलर्स, त्यात कम्युनिकेशन मेथड इथे जाऊन "यूज यूएसबी केबल" निवडायचं. एकाच खोलीत बरीच ब्लूटूथ उपकरणं असतील तर याचा उपयोग होतो. निन्टेन्डो स्विचलाही असंच एक सेटिंग आहे, कंट्रोलर्स अँड सेन्सर्समध्ये "प्रो कंट्रोलर वायर्ड कम्युनिकेशन". ते बंद असेल तर प्रो कंट्रोलर वायर लावूनही बिनतारीच बोलत राहतो.

काही वेळा दोष कशातच नसतो, जोडीच चुकीची असते. कॉम्प्युटरसाठीचा स्वस्त यूएसबी गेमपॅड पीएस-४ ला किंवा एक्सबॉक्सला लावला तर बहुतेक वेळा चालत नाही. ही कन्सोल नुसतं नाव विचारून थांबत नाहीत, ओळखपत्रही तपासतात. परवाना घेऊन बनवलेल्या कंट्रोलरमध्ये ती ओळख पटवायची सोय असते, साध्या गेमपॅडमध्ये नसते. प्लग बसला म्हणजे नातं जुळलं असं नाही. एक्सबॉक्स ३६० चा कंट्रोलर पुढच्या एक्सबॉक्स वनला चालत नाही, दोन्ही एकाच कंपनीचे असूनही. पीएस-४ चा कंट्रोलर पीएस-५ ला लागतो, पण त्यावर पीएस-४ चेच खेळ खेळता येतात, पीएस-५ चे नाहीत. "लागतो पण या खेळात चालत नाही" ही तक्रार आली तर हे आठवा. काही कॉम्प्युटर गेमपॅडच्या मागे एक्स आणि डी असं लिहिलेलं छोटं सरकतं बटण असतं. ते बोलण्याची पद्धत बदलतं. नवीन खेळांना सहसा एक्स लागतं, जुन्यांना डी. घरातल्या लहानग्याने ते सरकवलं असेल तर चांगला गेमपॅडही वेड्यासारखा वागतो. वायरीच्या एक्सबॉक्स ३६० कंट्रोलरमध्ये आणखी एक गंमत होती. वायरीच्या मध्येच एक सुटणारा जोड असायचा, म्हणजे कुणाचा पाय अडकला तर कन्सोल खाली येण्याऐवजी वायर सुटायची. तो जोड अर्धवट बसलेला असला की कंट्रोलर बंद. आधी तो बघा.

आणि आपला जुना टीव्ही गेम

तुमच्या-माझ्या लहानपणी टीव्हीला लावायचा तो कॅसेटवाला गेम आठवतो? मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्यांचा. त्यातले बहुतेक जपानच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या नकला. अजूनही जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात मिळतात. मुलांना शिकवायला मला हाच जास्त सोयीचा वाटतो, कारण याचं काम उघड आहे.

त्याच्या कंट्रोलरला आठ बटणं: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. पण वायरीत तारा पाचच! दोन विजेच्या, उरलेल्या तीन बोलण्याच्या. आठ बटणांची खबर तीन तारांतून कशी जाते? कन्सोल एका तारेवरून म्हणतो "स्टॅच्यू". त्या क्षणी आठही बटणांची स्थिती टिपली जाते. दुसऱ्या तारेवर तो टाळ्या वाजवत जातो, आणि प्रत्येक टाळीला तिसऱ्या तारेवर एकेका बटणाचं उत्तर येतं, वर सांगितलेल्या क्रमाने. हे सगळं सेकंदाला पन्नास-साठ वेळा होतं. वर्गात आठ मुलांना बटणं करून, एकाला टाळ्या वाजवायला लावून हा खेळ घेता येतो. तिसरी-चौथीची मुलंही आरामात खेळतात.

यावरून दोष शोधायची एक पक्की खूण मिळते. एकच बटण चालत नसेल तर दोष त्या बटणाखाली, सगळीच चालत नसतील तर वायर किंवा प्लग. बटणाखाली रबराची टोपी असते आणि तिच्या तळाला काळी वीजवाहक गोळी. ती मळली की बटण जोरात दाबावं लागतं. सेल काढून किंवा वायर सोडवून, कापसाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मोठ्यांनी ती हलकेच पुसावी. घासू मात्र नये, काळा थर निघून जातो. सगळंच बंद असेल तर वायर कंट्रोलरमध्ये शिरते ती जागा आणि प्लगजवळची जागा वाकवून बघा. मुलं कंट्रोलरला वायर गुंडाळून ठेवतात, आणि तार तिथेच आतून तुटते.

आणि या गेमचा नऊ पिनांचा प्लग फसवा आहे. १९७७ च्या अटारी २६०० ला नऊ पिना, १९८८ च्या सेगा मेगा ड्राइव्हला नऊ पिना, या नकली फॅमिकॉमनाही नऊ पिना. बाहेरून सारखे, आतली जोडणी वेगळी. म्हणून एका गेमचा कंट्रोलर दुसऱ्याला "बसतोय ना, मग लाव" असं करू नका. बाजारातून नवीन आणताना जुना सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा.

हे वर्गात घ्यायचं असेल तर एक पूर्णपणे बाद झालेली यूएसबी वायर शाळेत आणा. कशालाही जोडलेली नाही याची खात्री करून, ती आपण स्वतः ब्लेडने सोला आणि मुलांना तारा मोजू द्या. दोन-तीन वेगवेगळ्या वायरी मिळाल्या तर फारच छान. एकीत चार निघतात, दुसरीत दोन. आधी अंदाज लिहून घ्या, मग सोला. विजेच्या बोर्डाची वायर कुणी घरी जाऊन सोलू नये, हे दोनदा नव्हे, पाचदा बजावा.

टॉर्चची ती वायर दादाच्या घरी अजून आहे. भाच्याने तिला पांढरी चिकटपट्टी लावून वर पेनाने लिहिलंय, "फक्त चार्जिंग". डब्यातल्या बाकीच्या वायरींनाही पट्ट्या लागल्यात. परवा त्याचा फोन आला होता, मित्राचा कंट्रोलर चालत नाही म्हणून. मी काही सांगायच्या आधी तोच म्हणाला, "आत्या, नारिंगी लागते का ते मी आधीच विचारलं."